भिशीच्या चिठ्ठ्या आणि दहा हजार पानांचं इंटरनेट

परवा रात्री पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तीसेक ओळी लिहून दहा हजार पानांचं खोटं इंटरनेट वाढवत बसलो होतो. नेटवर्कचा अभ्यास करणारे बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांचं 1999 चं मॉडेल आहे, नियम एवढाच की दर फेरीला एक नवीन पान येणार आणि जुन्या दोन पानांना लिंक देणार, आणि ज्याला आधीच जास्त लिंक त्यालाच परत मिळायचा चान्स जास्त, म्हणजे आपलं पैशाकडे पैसा जातो तसं.

कोडमधली युक्ती मात्र भारीये. भिशीत कसं, नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि एक उचलायची. इथे फरक एवढाच की प्रत्येक लिंकमागे त्या पानाची अजून एक चिठ्ठी डब्यात पडते. बास.

आणि मी नेमका तिथेच घोळ घातला! चिठ्ठ्यांच्या डब्याऐवजी पानांच्या यादीतून नाव उचलत होतो, म्हणजे प्रत्येकाला एकच चिठ्ठी, अगदी खरीखुरी भिशी. तासभर डोकं खाजवतोय, सगळ्यात मोठ्या पानाला जेमतेम वीसेक लिंक. एक ओळ बदलली आणि आकडा थेट 200 च्या घरात. कागदावरही तेच येतं, एकूण पानं भागिले पान कितवं आलं तो नंबर, त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन. पहिल्याला 200, शंभराव्याला 20, अडीच हजाराव्याला फक्त 4. नंतर बाराबाशी-आल्बर्टचा शोधनिबंध उघडला तर माझी चूक त्यांनी मुद्दाम करून बघितलेली, नुसती वाढ ठेवून, पक्षपात काढून :)

पण मग उशिरा येणाऱ्याने काय करायचं? अल्टाविस्टा हे सर्च इंजिन 1995 पासून होतं, गूगल आलं 1998 ला, आणि पुढे काय झालं ते माहितीच आहे. म्हणून 2001 मधे बियांकोनी आणि बाराबाशीने प्रत्येक पानाला स्वतःचा दमही दिला, म्हणजे लिंक ओढायची अंगची ताकद, चान्स म्हणजे लिंक गुणिले दम.

बाकी 2019 मधे ब्रॉइडो आणि क्लॉसेट या संशोधकांनी जवळपास हजार नेटवर्क तपासली तर या मॉडेलमधून निघणारा पॉवर लॉ, म्हणजे मोजक्यांकडे ढीगभर लिंक आणि बाकीच्यांकडे चारदोन असं ठरावीक गणिती वाटप, ठामपणे फक्त 4 टक्क्यांत सापडला, त्यामुळे जिथेतिथे तो दिसणाऱ्यांचं मला जरा हसूच येतं.

झोपायच्या आधी 2000 व्या पानाला दसपट दम देऊन परत रन मारला. दहा हजारावी फेरी यायच्या आधीच पठ्ठ्याने पहिल्या पानाला मागे टाकलेलं.