काट्याचं काम आणि सकाळचे तीन तास

कापसाचा हंगाम आणि पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम खान्देशात एकाच वेळी असतो, हे माझ्या लक्षात यायला पहिलं वर्ष गेलं. मी वजनकाट्यांची दुरुस्ती करतो. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या आवारात ट्रक तोलतात ते मोठे काटे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत जळगाव, भुसावळ, शिरपूर, शहादा, दोंडाईचा अशी फिरती चालू असते. काटा अडला की फोन येतो, मी रात्रीच गाव गाठतो, पण सकाळी दहाच्या आत कुणी भेटत नाही. म्हणजे उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतचा वेळ माझा. लोडसेलच्या (काट्याखालच्या वजन मोजणाऱ्या भागांच्या) पेटीशेजारी कॅमेऱ्याची बॅग आली ती या तीन तासांसाठी.

सुरुवातीला मी ज्याला त्याला एकच विचारायचो, इथं पक्षी कुठे दिसतात? भुसावळला सगळ्यांचं उत्तर एकच, हतनूर धरण. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो. पाणी काठोकाठ, थंडगार वारा, आणि पक्षी म्हणजे पार दूरवर पाण्यावरचे काळे ठिपके. दोन दिवस सलग गेलो. एकही फोटो ठेवण्यासारखा आला नाही.

तिसऱ्या दिवशी काठावर जाळं सोडवत बसलेल्या एका भोईदादांशी बोललो. ते म्हणाले, "आता काय बघता भाऊ? पाणी उतरू द्या, मग या." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हतनूर तापीवर आहे, चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते, आणि दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ मागच्या फुगवट्यात साठून पाणी उथळ झालेलं आहे. पाणी ओसरायला लागलं की त्या गाळाची बेटं उघडी पडतात. बदकं, चक्रवाक, पाणथळीतले चिखले पक्षी विसावतात ते तिथे. तेव्हापासून मी पक्ष्यांची चौकशी करत नाही. पाणी कुठवर ओसरलं, एवढंच विचारतो. ते सगळ्यात अचूक सांगतात गाळपेर करणारे शेतकरी. पाणी जसं मागे सरकेल तसतसं त्यांचं पेरायचं रान मोकळं होतं, त्यामुळे वीतभर फरकही त्यांना माहीत असतो. अशा दोघांचे नंबर माझ्याकडे आहेत. निघायच्या आदल्या दिवशी फोन करतो.

त्याच फुगवट्यात जानेवारीत मी गुडघ्याच्या वर रुतलो होतो. वरून माती भेगाळलेली, अगदी वाळलेली दिसत होती. चार पावलं गेलो आणि पाचवं खाली गेलं ते गेलंच. पाय ओढला की दुसरा रुतायचा. कॅमेरा डोक्यावर धरून हाका मारल्या. म्हशी घेऊन आलेल्या एका आजोबांनी काठी पुढे केली, आडवं पडायला लावलं आणि हळूहळू बाहेर काढलं. मग म्हणाले, "म्हैस जिथून गेली तिथूनच जायचं, बाबा." गाळात म्हशीची वाट ही एकच खात्रीची वाट. आजही मी खुरांचे ठसे नसतील तिथे पाऊल टाकत नाही, समोर कितीही चांगला पक्षी असो.

आठ दिवसांनी त्याच म्हशीच्या वाटेने गेल्यावर पट्टकादंब मिळाले. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच पिवळी. मी गाळावर पालथा पडलो होतो आणि लेन्सखाली सरकीची पिशवी होती. ही पिशवी माझी फार आवडती आहे. घरून रिकामी कापडी पिशवी न्यायची आणि जिनिंगमध्ये दोन किलो सरकी मागून भरायची. सरकीला बारीक लव असते, त्यामुळे ती आवाज करत नाही, लेन्सच्या आकारात दबते, आणि परत जाताना ढिगावर रिकामी करता येते. तिपाई घेऊन फिरायची गरजच राहिली नाही. हंस माझ्यापासून चाळीसेक पावलांवर चरत होते. एक जण मान ताठ करून पहारा देत होता, बाकीचे गवत उपटत होते. मध्ये मध्ये पहारेकरी बदलायचा. तासभर मी हललो नाही, आणि तेही उडाले नाहीत.

धुळ्याची तऱ्हा अगदी वेगळी. तिथे पाण्यापेक्षा माळ मोठा. नकाणे तलावावर सकाळी चक्कर ठीक, पण मला ओढ लळिंगच्या बाजूच्या माळाची. तिथे गाडीतून उतरायचंच नाही. काच खाली, इंजिन बंद, सरकीची पिशवी दारावर. माणूस दिसला की धाविक हा माळावरचा पक्षी पळत सुटतो. गाडीकडे मात्र तो लक्ष देत नाही. माळाची माहिती मेंढ्या चारणाऱ्या ठेलाऱ्यांकडे. पहिल्यांदा भेटले ते आप्पा जवळ येऊन म्हणाले, "काय देखी राह्यना भाऊ?" मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर चंडोल दाखवला. मग त्यांनीच सांगितलं की मेंढ्या बसून गेलेल्या जागी दुसऱ्या दिवशी किडे टिपायला पाखरं गोळा होतात. तेव्हापासून मेंढ्यांचा कालचा तळ कुठे होता ते विचारतो आणि पहाटे तिथे जाऊन थांबतो. जानेवारीत दादर ज्वारी भरली की भोरड्यांचे थवे येतात, त्यांच्यासाठी मात्र कुणाला विचारावं लागत नाही. त्यांना हाकलणाऱ्या गोफणीचा आवाज येईल तिकडे जायचं.

शहाद्याचं काम लागलं की मी एक दिवस जास्तीची रजा टाकतो, कारण रानपिंगळा, जंगलातलं छोटं घुबड. 1884 नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती, तो संपला असंच धरून चालले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये तो पुन्हा सापडला तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी. मला तो दिसला तोरणमाळच्या वाटेवर, तिसऱ्या खेपेला, तेही सोबतच्या पावरा आदिवासी मुलाने बोट दाखवल्यामुळे. सागाच्या वाळक्या फांदीवर, सकाळी आठ वाजता, भर उन्हात बसला होता. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके गच्च असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीवर रुंद तपकिरी पट्टा, पोट स्वच्छ पांढरं, आणि शेपटी डावी-उजवीकडे झटके देत हलत होती. मी सहा फोटो काढले आणि मागे फिरलो. त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला जवळ बोलावायचं नाही, हे त्या मुलानेच मला निघण्याआधी बजावलं होतं. जंगलात शिरायच्या आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच पुढे जातो. यावल अभयारण्यातही तसंच.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दोन वर्षांपूर्वी एका नाल्याच्या दरडीत शृंगी घुबडाचं घरटं मला सापडलं. आनंदाच्या भरात मी ते ठिकाण एका ओळखीच्याला पाठवलं. पंधरा दिवसांनी परत गेलो तर कपारीसमोरचं झुडूप कापून जागा मोकळी केलेली, खाली चपलांचे ठसे, आणि घरटं रिकामं. पिल्लं मोठी होऊन उडाली की उन्हात उघडी पडून गेली, मला कळायला मार्ग नाही. पण ते झुडूप मीच कापलं असं मला वाटतं. त्यानंतर घरट्याची जागा मी कुणालाच सांगितलेली नाही, सख्ख्या भावालाही नाही. तलाव, माळ, पाण्याची पातळी, म्हशींची वाट, हे मात्र विचारेल त्याला सगळं सांगतो.

आता वहीत डाव्या पानावर काट्याचं रीडिंग आणि उजव्या पानावर त्या दिवशीचं पाणी कुठवर होतं ते लिहितो. तीन हंगामांच्या नोंदी झाल्या. परवा गाळपेरवाल्या नानांचा फोन आला, "बेट उघडं पडलं, हरभरा टाकतोय, या." भुसावळच्या काट्याची तपासणी मी शुक्रवारवर घेतली आहे.