शिरोरेषेवरून लागलेला माग

मी एका मासिकाच्या छायाचित्र विभागात काम करते. लेखासोबत जाणारे प्रत्येक छायाचित्र कोणी टिपले हे शोधणे, त्या व्यक्तीची लेखी परवानगी घेणे आणि छायाचित्राखाली तिचे नाव बिनचूक छापले जाईल याची खात्री करणे, हे माझे काम. एरवी यात फारसे अडत नाही. पण पाणथळ जागांवरील पक्ष्यांच्या लेखाची पाने लागत होती, त्या दिवशी सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत मी एकाच छायाचित्रामागे होते.

निळ्या नायलॉनच्या दोरीच्या गाठीवर बसलेला खंड्या आणि त्याच्या चोचीत आडवा धरलेला मासा, असे ते छायाचित्र होते. लेखकांनीच ते सुचवले होते आणि इन्स्टाग्रामवर ते इतक्या ठिकाणी फिरत होते, की मूळ मालक सापडायला तासभर पुरेल असे मला वाटले. प्रत्यक्षात जिथे जिथे ते दिसले, तिथे खाली ‘सौजन्य : इन्स्टाग्राम’ किंवा ‘सौजन्य : इंटरनेट’ एवढेच लिहिलेले होते. या सौजन्याला काहीही अर्थ नाही. छायाचित्राचा हक्क ते टिपणाऱ्याकडेच राहतो. अॅपवर टाकताना तो अॅपला ते दाखवण्याची मुभा देतो, येणाऱ्याजाणाऱ्याला उचलून नेण्याची नव्हे.

अॅपमधल्या शोधाची एक मर्यादा बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आपण छायाचित्र पाहून शोधत असतो. तो शोध मात्र मुख्यतः आपण टंकलेले शब्द वापरकर्त्यांची नावे, परिचय, मजकूर, हॅशटॅग आणि ठिकाणे यांच्याशी जुळवून पाहतो. शिवाय जुळलेल्यांत कोणाला वर आणायचे हे ठरवताना आपण आधी कोणाला पाहिले आहे आणि लोकांनी कशाला अधिक पसंती दिली आहे, हेही विचारात घेतले जाते. त्यामुळे तोच शब्द टाकल्यावर माझ्या आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या फोनवर वेगवेगळ्या याद्या आल्या, पण दोन्ही याद्यांत उसनी छायाचित्रे लावणारी मोठमोठी खातीच वर होती. ज्याने पहाटे चिखलात बसून ते टिपले असेल, त्याचे लहानसे खाते त्यांच्याखाली कुठेतरी दबून गेलेले असणार.

हॅशटॅगने काही हाती लागले नाही. ठिकाणावरून शोधावे, तर पक्ष्यांची छायाचित्रे टिपणारी जाणती माणसे गर्दी होऊ नये म्हणून नेमकी जागा सहसा लिहीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. छायाचित्राच्या फायलीत कॅमेऱ्याने नोंदवलेली माहितीही नव्हती, कारण अॅपवर चढवताना ती काढून टाकली जाते.

दुपारी मी उपलब्ध प्रतींपैकी सर्वांत जुनी प्रत मोठी करून पाहिली. उजव्या कोपऱ्यात खाली पुसट पांढरी रेष होती, जी मी सकाळपासून पाण्यावरची चमक समजत होते. ती शिरोरेषा होती! कोणीतरी छायाचित्र चौकोनी कापताना खालची सही मधोमध छाटली होती, त्यामुळे अक्षरांची अंगे गेली होती आणि रेषेवरची चिन्हे तेवढी उरली होती. शेवटच्या शब्दात एक मात्रा, तिच्या डोक्यावर अनुस्वार आणि पुढे दुसरी वेलांटी. मी कागदावर तशी रेष ओढली आणि तिच्याखाली अक्षरे बसवून पाहू लागले. ‘गोंदी’, ‘कोंडी’ असे करत करत ‘नोंदी’वर थांबले.

मग ‘नोंदी’ शोधले. मनातल्या नोंदी, प्रवासातल्या नोंदी, कवितांच्या नोंदी अशी खाती रांगेने आली. देवनागरीतून शोधताना आणखी एक अडचण असते. खात्याच्या वर दिसणारे नाव देवनागरीत लिहिता येते. पण वापरकर्ता-नाव मात्र रोमन अक्षरे, अंक, टिंब आणि अधोरेषा यांतूनच, तीस चिन्हांच्या आत बसवावे लागते. मराठी शब्द रोमनमध्ये प्रत्येक जण आपापल्या कानाप्रमाणे लिहितो. शेवटचा ‘दी’ कोणी एका अक्षराने दीर्घ करतो, तर कोणी दोन. मी सात-आठ रूपे टाकून पाहिली आणि दमले.

उत्तर टिप्पण्यांमध्ये मिळाले. त्यांत शोधण्याची सोय अॅपमध्ये नाही, म्हणून मी त्या जुन्या प्रतीखालच्या शेकडो टिप्पण्या एकेक करून वाचल्या. एकीत कोणीतरी विचारले होते, “अगं, हा तुझाच खंड्या ना?” आणि पुढे एका खात्याचा उल्लेख होता. त्यावर बोट ठेवल्यावर पान उपलब्ध नसल्याची सूचना आली. खाते बंद झाले असेल किंवा नाव बदलले असेल, असे मला वाटले. उल्लेखातला पहिला शब्द तेवढा शोधात टाकला, तेव्हा चौथ्या क्रमांकावर एक खाते आले. देवनागरी नावाच्या शेवटी ‘नोंदी’ होते आणि चिमुकल्या गोल चित्रात निळी गाठ दिसत होती.

खाते खासगी होते.

“ताई, माझ्या दुसऱ्या अकाउंटवरून फॉलो रिक्वेस्ट टाकू का? त्यावर सगळे पक्षीच आहेत, त्या लगेच घेतील,” असे सहकाऱ्याने सुचवले. त्याची तळमळ खरी होती, पण मी नको म्हटले. दार लावून घेतलेल्या माणसाकडे खोटे नाव सांगून शिरायचे आणि मग प्रामाणिक परवानगी मागायची, हे मला जमणार नव्हते.

मासिकाच्या खात्यावरून लिहिले. आपल्याला फॉलो न करणाऱ्या अनोळखी व्यक्तीला, तिने स्वीकारेपर्यंत, मजकुराचा एकच निरोप पाठवता येतो आणि तोही विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात पडतो. म्हणून तो एक निरोप मी तीनदा लिहिला. आधी स्तुती होती, ती काढली. माझे नाव, मासिक, छायाचित्र कशासाठी हवे, मानधन आणि कार्यालयाचा दूरध्वनी एवढेच ठेवले. “नको असेल तर तसे कळवावे, आम्ही छापणार नाही,” हे वाक्य शेवटी घातले आणि त्या पानासाठी बगळ्याचे दुसरे छायाचित्र तयार ठेवायला सांगितले.

सव्वासातला फोन वाजला. त्या बाई आधी बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “परवानगी मागणारा पहिलाच फोन आहे हा.” ते छायाचित्र उचलणाऱ्यांना त्यांनी लिहिले होते, तेव्हा एकाने उलट त्यांच्याकडेच पुरावा मागितला होता. त्यानंतर त्यांनी खात्याचे नाव बदलले आणि ते खासगी केले.

त्यांनी मूळ फाईल पाठवली. ती लागणारच होती, कारण अॅपवरची १०८० पिक्सेल रुंदीची प्रत छपाईच्या ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, जेमतेम ९ सेंटिमीटर भरते. मूळ चौकट आडवी होती. जी डावी बाजू सगळ्यांनी कापून टाकली होती, तिथे त्याच दोरीवर एक पिल्लू चोच उघडून बसले होते. तो मासा कोणासाठी होता, हे आम्हाला तेव्हा कळले.

बाईंची अट एकच होती, छायाचित्र कापायचे नाही. मांडणी करणाऱ्याने कुरकुर न करता दोन परिच्छेद पुढच्या पानावर ढकलले. आठला दहा मिनिटे असताना प्रूफ माझ्यासमोर आले आणि मी छायाचित्राखालचे नाव एकेक अक्षर बोटाने दाबून वाचले, शिरोरेषेच्या वरचे आणि खालचेही.