शायलो: 'सपाट मैदान' आणि डिल ब्रांचची घळ

"सपाट मैदान आहे, गाडीतूनच बघून होतं" असं शायलोबद्दल, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (उत्तर विरुद्ध दक्षिण) टेनेसीमधल्या रणांगणाबद्दल, कुणी सांगितलं, तर त्याला आधी विचारा, डिल ब्रांचच्या घळीत उतरला होतास का? मी उतरलो. दोन दिवस झाले, जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतोय.

आधी पैशाचं. मेंफिसहून नेणाऱ्याने माणशी 20 डॉलर 'प्रवेश फी' लावली. शायलोला फीच नाही. तिकीटखिडकी शोधत फिरलो तेव्हा कळलं. जाब विचारला तर म्हणे पार्किंगचे. पार्किंगही फुकट! स्वतःची गाडी घेऊन जा, विषय संपला.

ज्या 'खोलगट रस्त्या'चा एवढा गवगवा, तो धड गुडघाभरही खोल नाही. याच्याच आडोशाने उत्तरेच्या जनरल प्रेंटिसची माणसं तासन् तास झुंजली आणि संध्याकाळी बावीसशेच्या आसपास शरण आली. फोटो काढा, पुढे चला.

खरी जागा नदीकाठी. पिट्सबर्ग लँडिंग म्हणजे टेनेसी नदीवरचा बोटींचा धक्का. 6 एप्रिल 1862 च्या संध्याकाळी उत्तरेचा सेनापती ग्रँट याची फौज मागे रेटली जात इथवर आली होती. टेकाडावर पन्नासावर तोफा, नदीत टायलर आणि लेक्सिंग्टन या गनबोटी, आणि मध्ये ही डिल ब्रांचची घळ. दक्षिणेच्या दोन ब्रिगेड तीत उतरल्या. त्यातल्या जॅक्सनच्या ब्रिगेडकडची काडतुसं संपलेली, नुसत्या संगिनी. नकाशावर ही घळ बोटभर दिसते. प्रत्यक्षात ओल्या पालापाचोळ्याखाली निसरडी माती, धरायला मुळं, तीही हातात येणारी. तळाशी साचलेलं पाणी, त्यात उजवा बूट गेला. समोरचा चढ मी अर्ध्यात सोडला, आणि माझ्यावर कुणी तोफा डागत नव्हतं! हल्ला का फसला हे समजायला मला पाटी वाचावी लागली नाही.

पाऊस झाला असेल तर काठावरूनच बघा. कोरडं असलं तरी लांब मोजे घाला, पँट त्यात खोचा. मोज्यावर तीन गोचिड्या निघाल्या, चौथी रात्री काखेत.

धक्क्याच्या वरच राष्ट्रीय दफनभूमी आहे. यादवी युद्धातल्या 3,584 सैनिकांपैकी 2,359 जणांची नावं माहीत नाहीत; नुसते आकडे कोरलेले बुटके चौकोनी दगड. तिथे मात्र घाई करू नका. मी केली, कारण बूट पचपचत होता.

दुसऱ्या दिवशी कॉरिंथ. ज्या रेल्वे जंक्शनसाठी हे सगळं झालं ते गाव. छान आहे, जा.

जेवायला सव्हाना गाठा. लढाईच्या सकाळी ग्रँट तिथेच न्याहारी करत असताना त्याला तोफा ऐकू आल्या. टेनेसी नदी इथे उत्तरेकडे वाहते, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाचं सव्हाना नकाशात वर आहे. आमचे गाडीवाले महाशय दक्षिणेला निघाले होते.