शहरव्यापी सुवार्ता सभा: आधी निर्णयपत्र, मग मंच

शहरव्यापी सुवार्ता सभा, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या जाहीर सभा, भरवायच्या म्हटलं की समितीच्या पहिल्या बैठकीत वक्ता आणि मैदान यांचीच चर्चा होते. आम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात केली. पाचारणाला (ख्रिस्ताला स्वीकारण्यासाठी पुढे या, या मंचावरच्या हाकेला) पुढे आलेल्या माणसाचं निर्णयपत्र, म्हणजे त्याचं नाव-पत्ता आणि निर्णय टिपलेला कागद, दुसऱ्या दिवशी कोणत्या पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) हाती पडणार, हे आधी ठरवलं. इतर सगळ्या कामांचा क्रम त्यावरून लागला.

पाळकांना निदान वर्षभर आधी बोलवा. तारीख आणि वक्ता ठरवून मग ‘सहभागी व्हा’ असं पत्र धाडलं, तर मंडळ्या (स्थानिक चर्च) नावापुरत्या येतात, आणि पाठपुरावा तर त्यांनीच करायचा असतो. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल अशा वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र बसले की बाप्तिस्मा आणि अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेनं अनोळखी भाषेत बोलणं) हे वादाचे विषय निघणारच. मंचावरून त्यांवर बोलायचं नाही, ज्या त्या मंडळीनं आपापलं शिकवावं, हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या.

पैशाला वेगळं खातं, दोन सह्या, दान मोजायला वेगवेगळ्या मंडळ्यांची तीन माणसं, शेवटी तपासलेला जाहीर हिशेब. वक्त्याचं मानधन जमलेल्या दानावर अवलंबून ठेवू नका. 1948 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथं सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःसाठी जे नियम ठरवले, त्यांत पैशाइतकंच आकडे न फुगवण्यालाही महत्त्व होतं. आकडे सहज फुगतात, कारण पुढे येणाऱ्या प्रत्येकासोबत एक समुपदेशक (त्याच्याशी बोलून प्रार्थना करणारा प्रशिक्षित विश्वासणारा) चालत येतो आणि मंचासमोरची जवळजवळ निम्मी गर्दी आपलीच असते. म्हणून निर्णयपत्रं मोजा, डोकी नव्हे. तीच व्यक्ती दोन रात्री पुढे आली असेल तर दुबार नाव काढून टाका.

पोस्टरचा खर्च कमी केलात तरी चालेल, व्यक्तिगत आमंत्रण मात्र सुटता कामा नये. अंद्रियानं आधी आपल्या भावाला गाठलं आणि येशूकडे आणलं (योहान 1:41-42). त्याच धर्तीवर प्रत्येक विश्वासणाऱ्यानं पाच-सात नावं लिहून दोन महिने रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि सभेला त्यांना सोबत घेऊन यावं.

समुपदेशकांसाठी आठवड्याला एक असे चार-पाच वर्ग लागतात. वचनं पाठ होतात, पण गप्प राहून ऐकायला शिकवणं फार कठीण जातं. पुरुषाशी पुरुषानं, स्त्रीशी स्त्रीनं आणि शक्यतो त्याच वयाच्या व्यक्तीनं बोलावं. मुलांसाठी वेगळे प्रशिक्षित लोक हवेत, आणि मुलांशी बोलणं सगळ्यांच्या नजरेसमोरच व्हावं.

आता ते निर्णयपत्र. तीन प्रती: कार्यालय, मंडळी, समुपदेशक. त्यावर नाव, पत्ता, फोन, वयोगट, कोणी आणलं, कोणत्या मंडळीत जाणं-येणं आहे, आणि निर्णय कसला: प्रथमच ख्रिस्ताचा स्वीकार, पुनःसमर्पण (विश्वासापासून दुरावलेल्यानं परत येणं), की तारणाची खात्री (आपलं तारण झालंय याची मनाला पक्की खात्री हवी असणं). पत्र हातावर धरून लिहिलं की खालची प्रत पुसट उठते आणि नेमका मंडळीकडे जाणारा पत्ता वाचता येत नाही. त्यासाठी प्रत्येकाला पुठ्ठ्याचं पॅड आणि बॉलपेन द्या. मंचावर झगझगाट आणि समुपदेशनाच्या जागी अंधार, ही चूकही नेहमीची. तिथं स्वतंत्र दिवे लावा.

आवाजाचंही तसंच. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. शंभर मीटरवर उभ्या केलेल्या स्पीकरला सुमारे 0.3 सेकंदांचा विलंब दिला नाही, तर मागच्यांना प्रत्येक शब्द दुहेरी ऐकू येतो आणि पाचारणाचे शब्द त्यांच्यापर्यंत धड पोहोचत नाहीत.

सभा संपली की त्याच रात्री पत्रं तपासून लावायची. दहा-बारा जण टेबलांवर बसले तर पहाटेपर्यंत गठ्ठे तयार होतात. समुपदेशकानं 48 तासांत फोन करावा. ज्यांनी मंडळीचं नाव लिहिलेलं नाही त्यांची पत्रं पाळीपाळीनं वाटू नका. ज्यानं आणलं त्याच्या मंडळीकडे ती द्या, तसं कोणी नसेल तर सर्वांत जवळच्या मंडळीकडे. पत्रासोबत उत्तराची चिठ्ठी असावी: भेट झाली का, केव्हा, पुढे काय. दोन आठवड्यांत ती परत आली नाही तर पाळकांना एकदा फोन करा, आणि तरीही भेट झालेली नसेल तर ते पत्र दुसऱ्या मंडळीकडे सोपवा.