समितीत निवडून आलात? मग ऑक्टोबरच्या आत काय कराल

महापालिकेच्या शाळेत पालकांचा 'सहभाग' दोन प्रकारे घेतला जातो. स्नेहसंमेलनाला खुर्च्या मांडायला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तावर सही करायला. पहिल्यात निदान पोरांचा नाच तरी बघायला मिळतो. दुसऱ्यात कायद्याने पालकांच्या हातात काय दिलंय, हे सही करणाऱ्याला बहुधा कुणी सांगतच नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याचं कलम २१ समितीला शाळेच्या कामकाजावर देखरेख करायला, शाळा विकास आराखडा तयार करायला आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासायला सांगतं. महाराष्ट्रात ही समिती १२ ते १६ जणांची असते. तीनचतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधला आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. म्हणजे १२ जणांच्या समितीत ९ पालक आणि किमान ६ महिला. मुदत दोन वर्षं, बैठक दर महिन्याला.

कागदावर हे सगळं बरोबर असतं. घोळ सुरू होतो बैठकीच्या वेळेपासून. मंगळवारी सकाळी ११ वाजता बैठक ठेवली की धुणीभांडी करणारी आई आणि बिगारी बाप दोघंही येणार नाहीत, कारण त्यांचा खाडा पडतो. मग कोरम भरत नाही, इतिवृत्त घरोघरी फिरतं आणि महिला सदस्यांच्या जागी त्यांचे नवरे सह्या करतात. पहिल्याच बैठकीत ठराव करून घ्या की बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर किंवा रविवारी होईल आणि अजेंडा आठवडाभर आधी लेखी मिळेल. हे जमलं नाही तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

आता तारखांकडे. शहरातल्या शाळांची कामं पैसे नाहीत म्हणून जितकी अडतात, त्याहून जास्त तारीख हुकल्याने अडतात, असं माझं मत आहे.

पहिली तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवसाचा पट यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीत, जातो आणि त्यावर संचमान्यता ठरते. संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, त्याचा तक्ता. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४ आणि १२१ ते २०० ला ५. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, त्यामुळे आपल्या शाळेची चालू वर्षाची संचमान्यतेची प्रत मागून घ्या आणि पुढच्या पदासाठी किती मुलं लागतात ते त्यावरूनच काढा. पण गणित कुठलंही लावा, काठावरच्या दोनचार मुलांवर एक शिक्षक येतो किंवा जातो.

ही दोनचार मुलं बहुतेक वेळा वर्गात बसलेलीच असतात. पटावर असतात, आधारात नसतात. गेल्या काही वर्षांत संचमान्यतेसाठी आधार पडताळणी झालेले विद्यार्थीच मोजले जाऊ लागले. पडताळणी फसते ती अगदी बारीक कारणांनी. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'मोहम्मद' आणि आधारवर 'मो.', एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नाहीच, जन्मतारीख घाईत १ जानेवारी टाकलेली, मुलीपुढे 'पुरुष' पडलेलं. लहान बाळाचं निळं आधार काढलं आणि पाच वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे दिलेच नाहीत, हेही सर्रास.

इथे पालक जे करू शकतात ते शिक्षकाला एकट्याने जमत नाही. जुलैत वर्गशिक्षकांकडून पडताळणी न झालेल्या मुलांची वर्गवार यादी घ्या, प्रत्येक नावापुढे नेमकी तफावत लिहून. यादी फक्त समितीच्या आणि त्या त्या पालकांच्या हातात राहू द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका; त्यात मुलांची माहिती असते. मग प्रत्येक घरी सांगायचं की आधी जन्मदाखला काढा, कारण आधार आणि रजिस्टर या दोन्हींपैकी चूक कुठली हे त्यावरच ठरतं. आधारातली दुरुस्ती केंद्रावर होते. जनरल रजिस्टरमधली खाडाखोड मुख्याध्यापक आपल्या अधिकारात करू शकत नाहीत, त्याला वरची मंजुरी लागते आणि वेळ जातो. म्हणून रजिस्टरमधल्या चुकांचे अर्ज जुलैतच गेले पाहिजेत. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग लावून काही होत नाही. दुरुस्ती मंजूर होऊन शाळेच्या लॉगिनवर पुन्हा पडताळणी व्हायला दिवस लागतात.

एक गोष्ट मात्र समितीने ठामपणे सांभाळायची. आधार नाही, दाखला नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याचं कलम ५ आणि कलम १४ त्यासाठीच आहेत. बांधकामावरच्या मजुरांची मुलं जून उलटून गेल्यावर येतात. पटासाठी पोरं शोधत फिरणारी शाळा अशांना 'आधी शाळा सोडल्याचा दाखला आणा' म्हणून परत पाठवते, तेव्हा डोक्याला हात लावावा लागतो.

पटाचा संबंध पैशाशीही आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावरच ठरतं. १०१ ते २५० मुलांना वर्षाला ५०,००० रुपये, २५१ ते १,००० मुलांना ७५,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. प्रत्यक्षात ते हप्त्याहप्त्याने आणि पुष्कळदा कमीच येतं, पण २४८ आणि २५१ मधला फरक लक्षात घ्या.

दुसरी तारीख कुठल्याही परिपत्रकात ठळक छापलेली नसते. कलम २२ प्रमाणे समितीने तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करायचा. त्यात पुढच्या तीन वर्षांचा वर्गवार पट, लागणारे शिक्षक, खोल्या आणि सुविधा, आणि त्याचा खर्च. नियमाने तो आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत, व्हायला हवा. पण महापालिकेचं अंदाजपत्रक डिसेंबरअखेरची वाट बघत नाही. आयुक्त ते साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे ठेवतात, म्हणजे खात्यांच्या मागण्या दिवाळीच्या आसपास गोळा होतात. डिसेंबरअखेर दिलेला आराखडा नियमात बसतो आणि कपाटात जातो. म्हणून ऑक्टोबरअखेर ही मुदत स्वतःच घालून घ्या. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. मुदत छोटी असते आणि जाहिरात नजरेतून सुटते, तेव्हा पावसाळ्यातच चौकशी सुरू ठेवा.

आराखड्यात काय लिहिता यावर सगळं अवलंबून. 'शौचालयांची दुरुस्ती व्हावी' असं लिहिलं की त्याचं पुढे काहीही होत नाही. कनिष्ठ अभियंत्याला एस्टिमेट करायचं असतं, त्याला मोजता येईल असं द्या. उदाहरणार्थ: 'तळमजला, मुलींचं शौचालय. ५ भांड्यांपैकी ३ बंद. बंद असण्याचं कारण, गच्चीवरच्या टाकीतून येणारी पाइपलाइन दुसऱ्या मजल्याच्या सज्जाजवळ फुटलेली, त्यामुळे फ्लशला पाणी नाही. २ दारांना आतून कडी नाही. मुली १२०. निकषानुसार दर ४० मुलांमागे एक भांडं आणि तीन मुताऱ्या, म्हणजे ३ भांडी आणि ९ मुताऱ्या हव्यात.' सोबत तारखेसह फोटो. हे लिहिताना शाळेच्या शिपायाला किंवा सफाई करणाऱ्या मावशींना बरोबर घ्या. पाणी नेमकं कुठे अडतं ते त्यांना माहीत असतं, मुख्याध्यापकांना नसतं. पाइपलाइन सोडून नुसती नवी भांडी बसवली तर ती महिन्याभरात पुन्हा तुंबतात आणि कुलूप लागतं. ठेकेदाराचं बिल तोवर निघालेलं असतं.

काम कुणाचं हेही आधी ठरवा. इमारतीची डागडुजी, वीज, पाणी आणि सफाई ही महापालिकेत वेगवेगळ्या खात्यांची कामं आहेत. शिक्षण विभाग फक्त कागद पुढे ढकलतो. म्हणून एका पत्रात सात मागण्या घालू नका. एक मागणी, एक खातं, एक पत्र. प्रत शिक्षण विभागाला, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

मोठ्या शहरांत आणखी एक अडचण असते. एकाच इमारतीत सकाळी एक माध्यम, दुपारी दुसरं, वरच्या मजल्यावर तिसरं. तीन यू-डायस क्रमांक, तीन मुख्याध्यापक, तीन समित्या आणि शौचालय एकच. प्रत्येक जण म्हणतो घाण दुसऱ्या सत्राची आहे. अशा ठिकाणी तिन्ही समित्यांनी एकाच मजकुराचा ठराव आपापल्या इतिवृत्तात घ्यावा आणि तिघांच्या अध्यक्षांच्या सहीने एकच पत्र द्यावं. मराठी आणि उर्दू माध्यमाचे पालक एका टेबलाशी बसले की पत्र घेणारा साहेबही जरा सावरून बसतो.

पोषण आहाराची तपासणी सोपी आहे, कारण तिथे वजन बोलतं. पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. पाचवीपर्यंतची १८० मुलं हजर असतील तर १८ किलो तांदूळ आणि ३ किलो ६०० ग्रॅम डाळ शिजली पाहिजे. शहरात बहुतेक ठिकाणी अन्न मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून डब्यांत येतं, त्यामुळे कच्चं मोजता येत नाही. पण शिजलेला भात तांदळाच्या अडीच-तीनपट भरतो. लटकवायचा काटा घ्या, डबा भरलेला तोला, रिकामा तोला. भात ४५ किलोच्या खूप खाली असेल तर विचारा. आमटीत डाळ किती हे काट्यावर कळत नाही. डाव तळापर्यंत घालून बघावं लागतं. मुलांआधी चव बघून नोंदवहीत सही करायची असते, ती जेवण उरकल्यावर करू नका. कमी-जास्त एक दिवस होतंच, आठ-दहा नोंदी झाल्या की मगच पत्र लिहा.

शिकण्याबद्दल बोलताना पालक बिचकतात, 'आम्ही अडाणी, सरांना काय सांगणार'. सांगायचं काहीच नाही, ऐकायचं आहे. तिसरीच्या मुलाला दुसरीच्या पातळीचा, आधी न वाचलेला आठ-दहा ओळींचा उतारा द्या. पाठ्यपुस्तकातला धडा देऊ नका, तो पोरांना पाठ असतो आणि बोट भलत्याच ओळीवर फिरत असतं. उतारा जमला नाही तर चार सोपी वाक्यं, तेही नाही तर शब्द, मग अक्षरं. गणितात ५२ वजा २७. उत्तर ३५ आलं तर हातचा समजलेला नाही, एवढं कळलं. वर्गवार फक्त आकडे लिहा: किती जण उतारा वाचतात, किती शब्दावर अडकलेत. मुलांची नावं आणि शिक्षकाचं नाव इतिवृत्तात नको. शिक्षकाला कोपऱ्यात घेतलं की पुढच्या वेळी वर्गाचं दार बंद होतं. त्याऐवजी विचारा की शब्दावर अडकलेल्यांना रोज अर्धा तास वेगळा कधी देता येईल, आणि त्या वेळात बाकीची मुलं कोण सांभाळेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पालकांनी द्यायचं.

शिक्षक वर्गात नसतील तर आधी कारण बघा. कलम २७ नुसार त्यांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना जुंपता येतं. इतर कामावर पाठवलं असेल तर आदेशाची प्रत मागा आणि भांडण आदेश काढणाऱ्याशी करा.

पत्रांना उत्तर आलं नाही तर कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. त्याच वेळी माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत. हे महाराष्ट्राचे नियम आहेत आणि यात न बसणारा अर्ज परत येतो. 'का केलं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणी, एस्टिमेट आणि कार्यादेशाच्या प्रती' मागा. प्रती मागण्याऐवजी फाईल बघायला मागितली तर पहिला तास फुकट असतो, आणि पत्र कुठल्या टेबलावर थांबलंय ते तासाभरात कळतं.

राहता राहिला मार्च. अनुदान वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत येतं आणि ३१ मार्चला खर्ची न पडलेली रक्कम हातची जाते. मग शेवटच्या आठवड्यात एकाच दुकानातून खडू, झाडू आणि भिंतीवरचे तक्ते येतात. यावर उपाय एकच. डिसेंबरच्या बैठकीत खरेदीची यादी प्राधान्यक्रमाने ठरावात घ्या आणि तीन दरपत्रकं तेव्हाच मागवून ठेवा. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की यादीतला पहिला क्रमांक उचलायचा. एप्रिलच्या बैठकीत बिलं आणि साठा नोंदवही समोर ठेवून प्रत्येक वस्तू शाळेत फिरून बघा. पंखे चार घेतले म्हणून लिहिलंय, तर छताकडे बघत चार मोजा.