हॉस्पिसमधली ड्यूटी

मी हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या ठिकाणी, परिचारिका आहे असे कळले की समोरचा माणूस आवाज खाली आणतो आणि रोज मृत्यू पाहून त्रास होत नाही का, असे विचारतो. त्रास होतो, परंतु दिवसाचा बहुतेक वेळ ड्रेसिंग, औषधांच्या वेळा आणि नातेवाइकांशी बोलणे यांतच जातो.

तंबाखू आणि माव्यामुळे आमच्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ असतात. गालाला आरपार पडलेल्या जखमेपेक्षा तिचा वास माणसाला अधिक एकटे पाडतो, कारण घरचेही नकळत लांब बसू लागतात. मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकत राहिले की काही दिवसांत वास बराच कमी होतो आणि नातवंडे पुन्हा खाटेजवळ येतात. रक्तस्रावाची भीती असेल तिथे आम्ही गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवतो, म्हणजे रक्त एकदम डोळ्यांत भरत नाही.

खरा कस लागतो तो सलाइनच्या प्रश्नावर. "सिस्टर, निदान सलाइन तरी लावा, उपाशी मारलं म्हणतील हो लोक," असे एक सून मला म्हणाली होती, आणि तिची धास्ती खोटी नव्हती. शेवटच्या दिवसांत शरीराला ते पाणी पेलवत नाही, पाय सुजतात, छातीतली घरघर वाढते, हे मी समजावते. पण नुसत्या समजावण्याने भागत नाही, हाताला काम लागते. म्हणून ओठ आणि तोंड ओले करण्यासाठी मी कापसाचा बोळा घरच्यांच्याच हाती देते.

मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाबद्दलचे गैरसमज याहून चिवट आहेत. ते तोंडाने, दर चार तासांनी, दुखू लागण्याची वाट न पाहता द्यायचे असते आणि त्यासोबत पोट साफ होण्याचे औषध न विसरता द्यावे लागते. तरीही मॉर्फिन सुरू झाले म्हणजे सगळे संपले, असेच बहुतेकांना वाटते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच टाळले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, पण भीती मागे उरली. (दुखणे सोसण्याचे आपल्याकडे जे कौतुक आहे, त्याचाही मला राग येतो.)

पाळी बदलताना मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या मोजून रजिस्टरमध्ये दोघी सिस्टर सह्या करतो. हिशेब जुळला नाही तर घरी जाता येत नाही, मग वॉर्डात त्या दिवशी काहीही घडलेले असो.