आमची वाटचाल : टेबलाच्या मापाचं कापड

सुरुवातीला आम्ही तयार मापांचे टेबलक्लॉथ शिवून ठेवायचो. चार जणांचं टेबल, सहा जणांचं, गोल, चौकोनी, अशा घड्यांची चळत लावलेली असायची. खपही बरा होता. पण गिऱ्हाइकाने घरी नेऊन अंथरला की फोन यायचा : एका बाजूला आखूड पडतोय, नाहीतर कोपरे पायात येताहेत. चार जणांच्या टेबलाची मापं घरागणिक वेगळी. मग मी आणि माझी जाऊ, दोघींनी मिळून तयार माल हळूहळू कमी केला आणि मापाप्रमाणे शिवायला घेतलं.

तेव्हापासून आमचं निम्मं काम वहीतच होतं. लांबी-रुंदी सगळेच सांगतात. कापड खाली किती सोडायचं हे फारसं कोणी सांगत नाही. टेबल साधारण ३० इंच उंच, खुर्चीची बैठक १८ इंचांवर. मधे राहिले १२ इंच. रोजच्या वापराचं कापड त्याहून खाली गेलं की ते बसणाऱ्याच्या मांडीवर येणार. म्हणून आम्ही ८ ते १० इंच सुचवतो.

त्यातही पन्ह्याचा, म्हणजे ताग्याच्या रुंदीचा, हिशेब असतो. ६० बाय ३६ इंचांच्या टेबलाला चारी बाजूंनी १० इंच सोडले, तर ५६ इंच रुंदी लागते. दुमडीचे दीड-दीड इंच धरले की ५९. कापडाचा पन्हा ५८, म्हणजे जोड आलाच. तेच ९ इंच सोडले की ५७ मध्ये भागतं, किनार काढूनही. एक इंच कमी केल्याचं पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही, शिवाय जोडाची शिलाई वाचते. गिऱ्हाइकाला हे आम्ही आधीच सांगतो. शिलाई थोडी कमी मिळाली तरी चालेल.

जोड टाळता येत नसेल तर तो मधोमध द्यायचा नाही, हा आमचा हट्ट. ४८ इंच व्यासाचं गोल टेबल घ्या. १० इंच सोडायचे तर ६८ इंचांचं वर्तुळ लागतं. मधे अखंड पन्हा ठेवून दोन्ही अंगांना पट्ट्या जोडल्या की शिलाई टेबलाच्या कडेखाली, लोंबत्या भागात जाते. गोलाची कड सरळ दुमडली तर चुण्या पडतात, म्हणून तिला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी लावतो. जमिनीपर्यंतच्या चौकोनी कापडाची गंमत वेगळीच. बाजूला ३० इंच सोडले की कोपरा ४२ इंचांवर जातो, म्हणजे फूटभर जमिनीवर लोळतो. तिथे कोपरे गोल कापण्याला पर्याय नाही.

धंद्यात पैसा पहिल्यांदा नीट गुंतवला तो मोठ्या कटिंग टेबलात. मशीन घरचंच होतं, कडांचे धागे सुटू नयेत म्हणून लागणारं ओव्हरलॉक मशीन जुनं मिळालं. पण जमिनीवर ओणवं बसून रुंद कापड सरळ कापणं म्हणजे कमरेचं कायमचं दुखणं. टेबल आल्यावर आडवा-उभा धागा बघून कापता येऊ लागलं आणि कडा तिरक्या जाणं थांबलं. मदतीला आलेल्या दोघीजणी आधी फक्त इस्त्री आणि दुमडीचं काम करायच्या. आता तिरपे जोडलेले कोपरे त्यांच्या हातून माझ्यापेक्षा सुबक होतात.

सुती कापड आम्ही धुतल्याशिवाय कापत नाही. ५ टक्के आटलं तरी ८० इंचांतले ४ इंच गेले. लेसचंही तेच. सुती लेस आटते, पॉलिस्टरची आटत नाही, आणि लेस आणि कापड दोन्हींचं आटणं जुळलं नाही की पहिल्या धुण्यातच कड गोळा होते. गडद लेस फिक्या कापडावर हवी असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर रंग सुटतो का ते पाहतो.

सजावटीबाबत मी जरा आगाऊ बोलते. पडद्याच्या कापडाची पायपिन (कडेची बारीक गोट), झालर, कडेला नावाची अक्षरं, हे सगळं आम्ही करतो. पण मधोमध मोठं भरतकाम मागितलं की विचारते, त्यावर भांडी ठेवणार ना? मग ते दिसणार कधी? शिवाय उठावदार भरतकामावर पेला डुगडुगतो. बहुतेकजण मग नक्षी लोंबत्या भागावर घ्यायला तयार होतात. प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडाला मात्र आम्ही टाचण्या लावत नाही, कारण पडलेलं भोक बुजत नाही. चिमटे लावतो आणि टाका लांब ठेवतो.

अंडाकृती टेबलाचं माप फोनवर घेणं आता बंद आहे. वर्तमानपत्रं चिकटवून टेबलावर पसरा, वजन ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा आणि तो कागद पाठवा, असं सांगतो. हे आकार नाव घालून जपून ठेवलेत. तेच गिऱ्हाईक दुसरा टेबलक्लॉथ शिवायला आलं की परत माप लागत नाही. अलीकडे ओढून लांब होणारी टेबलं पुष्कळ येताहेत. त्यांना मिटलेल्या मापाचं एक कापड आणि लांब केल्यावर मधे टाकायला जुळत्या कापडाचा रुंद रनर, अशी जोडी शिवून देतो.